अक्का आणि प्रकाशचे कागद

अक्का कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो कागद ज्या मुलाचा असेल त्या मुलाला वाचून दाखवायच्या. मूल पाच वर्षांचं असो नाहीतर पाळण्यातलं, त्यात सूट नव्हती. मी पहिल्या दिवशी शिशुगृहाच्या दारात जाऊन उभी राहिले तेव्हा जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक साठीच्या घरातली बाई पाळण्याशेजारी स्टूल ओढून बसली होती आणि दोन-अडीच महिन्यांच्या मुलीला तिच्याच तपासणीचा अहवाल ऐकवत होती. "वजन वाढतंय. रक्त चांगलं आहे. डाव्या मांडीवर जन्मखूण आहे, असं डॉक्टर लिहितात. आहे ना गं?" मुलीने भलीमोठी जांभई दिली. "हो म्हणाली," असं मला ऐकवून त्यांनी खाली सही ठोकली आणि मग विचारलं, "धुळ्याची मीना तूच ना? ये. आधी चहा घे, मग त्या टाइपरायटरवरची धूळ झाड."

ही बाई जरा चक्रम आहे, असं माझं त्या दिवशी ठाम मत झालं. पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "अगं, हिच्याबद्दल वकील बोलणार, जज्जसाहेब बोलणार, तिकडे परदेशात चार माणसं टेबलाभोवती बसून बोलणार. आणि जिच्याबद्दल बोलायचं तिच्याशी कोणी बोललंच नाही, हे बरं दिसतं का?" 

आमचं शिशुगृह जळगावहून नशिराबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, केळीच्या बागांना लागून होतं. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. समाजकार्याची पदवी घेऊन मी तिथे लागले ती मुख्यतः माझ्या इंग्रजीमुळे, कारण काही मुलं दत्तक म्हणून परदेशात जायची आणि त्यांचे सगळे कागद इंग्रजीत करावे लागायचे. मूल आलं की आधी त्याच्या घरच्यांचा शोध. पोलिसांत वर्दी, वर्तमानपत्रात फोटो. कोणी आलं नाही तर बालकल्याण मंडळ मूल दत्तक द्यायला मोकळं असल्याचा दाखला देई. मग इथल्या कुटुंबांना विचारायचं. इथे कोणी घेतलं नाही तरच परदेशातल्या घराचा विचार. तिकडच्या घराचा अहवाल शिक्क्यांनी भरून यायचा, इकडून आम्ही मुलाचा अहवाल करायचा, दोन्ही मिळून जिल्हा न्यायालयात जायचे. जज्जसाहेबांनी पालकत्व दिलं की पासपोर्ट, आणि पासपोर्ट आला की निरोप. एका मुलामागे कागदांचा हातभर गठ्ठा होई आणि त्यातली ओळ न् ओळ अक्कांच्या नजरेखालून जाई.

अक्का मूळच्या धरणगावकडच्या, शेतकऱ्याघरच्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला. मग नर्सिंग शिकल्या, सरकारी दवाखान्यांत जन्म घालवला आणि निवृत्त झाल्यावर इथे अधीक्षिका म्हणून आल्या. ऑफिसात त्यांची मराठी अगदी स्वच्छ असे, पण राग आला की किंवा पोटातून माया आली की अहिराणी बाहेर पडे. मला मजकूर सांगताना एखादी ओळ मी गाळली की चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "लिख बाई, बठ्ठं लिख."

एका शब्दाशी त्यांचं जन्माचं वैर होतं. तो म्हणजे 'टाकलेलं'. पोलिसांच्या पंचनाम्यात तो हमखास असे, 'टाकून दिलेले स्त्री जातीचे अर्भक' वगैरे. अक्का तो वाचून दाखवताना तिथे थांबायच्या आणि बाळाला सांगायच्या, "हे हवालदाराचं लिहिणं आहे, तू लक्ष देऊ नको." मला म्हणायच्या, "कपड्यात गुंडाळून, सावली बघून, दवाखान्याच्या दाराशी जी ठेवते ती टाकते का? ठेवते ती." इंग्रजीत कायद्याचा शब्द बदलता येत नव्हता, त्यामुळे तिथे त्या हार मानत. पण आमच्या मराठी प्रतीत कायम 'ठेवलेले बालक' असंच आलं. आमचे वकील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी एकदा हरकत घेतली. अक्कांनी त्यांना एवढंच विचारलं, "भाऊ, हा कागद ती मोठी झाल्यावर वाचणार आहे. तुम्ही तेव्हा समोर बसाल का तिच्या?" भाऊंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मुलाच्या अहवालात 'आहार' असा एक रकाना होता. माझ्या आधीची मुलगी तिथे 'साधा' असं लिहून मोकळी व्हायची. अक्कांना ते चालेना. कोणाला वरणातला भात आवडतो, कोणाला केळं कुस्करून लागतं, कोण कळण्याच्या भाकरीचा फक्त पापुद्रा खातं, हे सगळं त्यात आलं पाहिजे. आता ज्वारी-उडदाच्या भाकरीच्या पापुद्र्याला इंग्रजीत काय म्हणायचं? मी तासभर डोकं खाजवून काहीतरी तीन ओळींचं लिहिलं. अक्कांनी त्याचा मराठीत अर्थ विचारला, ऐकला आणि म्हणाल्या, "एवढं मोठं झालं? भाकरी थापायला याहून कमी वेळ लागतो." पण ओळी काढू दिल्या नाहीत.

परदेशातल्या घरांचे अहवाल आले की उलटा प्रकार. त्यात घराचं क्षेत्रफळ, नवऱ्याची नोकरी, बायकोचं शिक्षण, बागेची लांबी-रुंदी सगळं असायचं. मी भाषांतर करून सांगत जाई आणि अक्का भेंडी निवडत ऐकत बसत. शेवटी त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. "मूल पहाटे उठलं तर आधी कोण उठणार, तो की ती?" "घरात मोठ्याने कोण बोलतं?" "मुलाने ताट फेकलं तर काय करतील?" हे प्रश्न मी शरमत शरमत टाइप करून पाठवायची. गंमत म्हणजे तिकडची माणसं त्यांची अगदी मनापासून उत्तरं द्यायची. एका बाईने कळवलं होतं की ताट फेकलं तर ती बहुधा आधी रडेल आणि मग फरशी पुसेल. "ही चालेल," अक्का म्हणाल्या.

प्रकाश मी यायच्या आधीपासून तिथे होता. बोदवड स्टेशनवरच्या बाकावर तो पोलिसांना सापडला तेव्हा तीन-चार वर्षांचा असेल. बाकावरून उठायलाच तयार नव्हता, दोघांनी उचलून आणला, असं शिपायाने सांगितल्याचं अक्का सांगत. नाव विचारलं तर बोलेना. आठ-पंधरा दिवसांत अक्कांच्या लक्षात आलं की मागे थाळी पडली तरी हा वळून बघत नाही. त्या त्याला एसटीने धुळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दोन्ही कानांनी काही ऐकू येत नाही, असा अहवाल आला. परत येताना गाडीतच त्यांनी नाव ठरवलं. "ऐकू येत नसलं म्हणून काय झालं, दिसतं तर सगळं." म्हणून प्रकाश.

पोरगं तल्लख होतं. कुठल्या बाळाची दुधाची वेळ झाली हे घड्याळाआधी त्याला कळायचं. मूल बघायला जोडपी यायची तेव्हा हा सगळ्यांत पुढे. गोरागोमटा, हसरा. लोकांना आवडायचा. मग कोणीतरी सांगायचं, आणि ती माणसं हमखास त्याच्या मागे जाऊन टाळी वाजवून बघायची. एकदा, दोनदा, जोरात. मग चहा पिऊन निघून जायची. त्या टाळीचा अक्कांना इतका संताप यायचा की शेवटी शेवटी त्या पाहुण्यांच्या हातात आधीच चहाचा कप देऊन ठेवायच्या.

त्याची एक सवय होती. दिवेलागणीची वेळ झाली की तो ओसरीच्या बाकावर जाऊन बसे आणि कितीही बोलावलं तरी जागचा हलत नसे. मग डावा तळवा उघडून त्यावर उजव्या हाताने दोनदा थापटी मारी, तो हात स्वतःच्या गालाला लावी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राही. भाकरी थापल्यासारखीच ती खूण दिसे. अक्का लगेच आत जाऊन ताज्या भाकरीचा तुकडा तूप लावून आणत. तो खाई, पण खाताना डोळ्यांतून पाणी काढी. मग अक्का त्याला उचलून आत नेत. "भाकरी मागतो आणि भाकरी दिली की रडतो," त्या म्हणायच्या. "काय हवंय याला, देव जाणे."

त्याच्यासाठी स्वीडनमधून एका जोडप्याचा अहवाल आला. लार्स सुतारकाम करायचा, इंगेर शिवणकाम. घर चांगलं, माणसं स्थिर. दुसऱ्या पानावर मी थबकले. दोघंही जन्मापासून बहिरी होती आणि त्यांना बहिरंच मूल हवं होतं.

अक्कांनी भेंडीची टोपली बाजूला सारली. "नाही," त्या म्हणाल्या. "मीना, दोघंही? मग रात्री पोरगं रडलं तर ऐकणार कोण?"

"तसं लिहू का?"

"तस्संच लिही."

मी लिहिलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. मूल रडलं की उशाचा दिवा आपोआप लागतो अशी सोय बहिऱ्या आईबापांच्या घरी असते. शिवाय सुरुवातीला तो आमच्याच खोलीत झोपेल, असं त्यांनी कळवलं होतं. खाली त्यांनीही एक प्रश्न विचारला होता. मी तो अक्कांना वाचून दाखवला. "आत्ता तिथे तो कोणाशी बोलतो?"

बाहेर प्रकाश एकटाच चिंचोके मांडून खेळत होता, अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, या. नियमात नसेल, पण या. मला बघायचंय."

ते आले. दोघंही ताडमाड उंच, उन्हाने लाल झालेले. आमचं बोलणं पाटीवर चालायचं. मी इंग्रजीत लिहायची, लार्स वाचून खाली उत्तर लिहायचा. प्रकाश पहिल्यांदा दाराआडून बघत होता. मग त्याला दिसलं की ही दोघं एकमेकांशी हातांनी बोलतायत. इतक्या भराभर हलणारे हात त्याने जन्मात पाहिले नव्हते. तो पावलापावलाने पुढे आला आणि दोघांच्या मधे उभा राहून एकदा याच्या, एकदा तिच्या हातांकडे बघू लागला, जत्रेतल्या पोरासारखा.

दुपारभर ते त्याच्याशी खेळले. ऊन उतरलं आणि नेहमीप्रमाणे प्रकाश ओसरीच्या बाकावर जाऊन बसला. तळव्यावर दोन थापट्या, मग गाल. अक्का लगबगीने भाकरी आणायला उठल्या. इंगेरने त्यांचा हात धरून थांबवलं आणि मान हलवली. भाकरी नाही.

ती प्रकाशसमोर उकिडवी बसली आणि भुवया उंचावून, हात पसरून त्याला विचारलं: कोण? त्याने पुन्हा तीच खूण केली. तिने पुन्हा विचारलं: कोण? तेव्हा तो बाकावरून खाली उतरला. अक्कांच्या पदराचं टोक धरून ओढत त्याने त्यांना इंगेरजवळ आणलं आणि तो पदर इंगेरच्या डोक्यावर टाकला. मग बाकावर परत जाऊन बसला, तिचा हात धरला, आणि त्या हाताने आपल्या शेजारी बाकावर दोनदा थोपटलं. मग तिचा हात स्वतःच्या गालावर ठेवला. मग तिला ढकललं. जा, जा. ती दारापर्यंत गेली, आणि तो बसून राहिला, दाराकडे बघत.

लार्सने पाटी घेतली. त्याने लिहिलं ते मी वाचलं आणि मला मोठ्याने वाचवेना. अक्का म्हणाल्या, "काय लिहिलंय? सांग."

"एका बाईने त्याला सांगितलं, इथे बसून राहा. आणि ती गेली. तो विचारतोय, आता उठू का?"

अक्कांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग त्या बाकासमोर जमिनीवर बसल्या, गुडघे दुखायचे तरी बसल्या. "माले समजनं नही रे पोऱ्या," त्या म्हणाल्या, त्याला ऐकू येत नाही हे ठाऊक असून म्हणाल्या. "इतली वरीसं तू विचारी ऱ्हायना, आनि मी तुले भाकर दी ऱ्हायनी." मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि खालून वर उचलत त्याला सांगितलं: ऊठ. आता ऊठ.

तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग उठला.

त्यानंतर तो त्या बाकावर बसलेला मी पाहिला नाही.

कागद न्यायालयात गेले. मुंबईच्या एका छाननी करणाऱ्या संस्थेचं मत मागवायची तेव्हा पद्धत होती. त्यांनी शेरा मारला की अर्जदार दोघंही बहिरे असल्याने मुलाच्या सुरक्षिततेचा विचार व्हावा. भाऊ वकील चिंतेत पडले. सुनावणीला लार्स-इंगेर पुन्हा आले आणि जज्जसाहेबांनी सगळ्यांना आपल्या दालनात बोलावलं. वयस्क, कडक माणूस. कागद चाळून झाल्यावर त्यांनी अक्कांना विचारलं, "बाई, तुम्ही नर्स होता. मूल रात्री रडलं तर यांना ऐकू येणार नाही, हा विचार केला का?"

"साहेब, हाच प्रश्न मी त्यांना लिहून विचारला होता," अक्का म्हणाल्या. "मला ऐकू येतं. हा रडला की मी दर वेळी उठले. पण तो का रडतो ते मला इतक्या वर्षांत एकदाही कळलं नाही. यांना पहिल्या दिवशी कळलं." आणि त्यांनी बाकावरची हकीकत सांगितली. स्वतःची चूक कुठेही झाकली नाही.

साहेबांचं लक्ष प्रकाशकडे गेलं होतं. तो टेबलावरच्या घंटीकडे, मग दाराकडे बोट दाखवून लार्सला काहीतरी तावातावाने विचारत होता. "काय म्हणतोय तो?" साहेबांनी विचारलं. मी पाटी पुढे केली. लार्सने लिहिलं: तुम्ही या वाटीवर हात ठेवला की दारातून माणूस कसा काय येतो, हे त्याला जाणून घ्यायचंय. साहेब पहिल्यांदा हसले. त्यांनी घंटी प्रकाशपुढे सरकवली. प्रकाशने दाबली. शिपाई आत आला. प्रकाश आनंदाने जागच्या जागी उडाला आणि पुन्हा दाबली. त्या शिपायाने त्या दिवशी फार हेलपाटे घातले.

पालकत्वाचा हुकूम झाला. लार्स कामावर परत गेला आणि पासपोर्ट येईपर्यंत इंगेर आमच्याकडेच राहिली. सकाळी ती प्रकाशला खुणा शिकवायची आणि अक्का, वयाच्या साठीत, त्याच्या शेजारी मांडी घालून शिकायच्या. चुकल्या की प्रकाश त्यांची बोटं धरून सरळ करायचा. माझ्याही बोटांत तेव्हा थोडंफार आलं. इंगेरला कळण्याची भाकरी इतकी आवडली की माझ्या त्या तीन ओळी वाया गेल्या असं अक्कांनी जाहीर केलं.

एक गोष्ट मात्र अक्कांना सतावत होती. मुंबईपर्यंत जायचं होतं रेल्वेने, आणि हे पोर स्टेशनवर सापडलेलं. "बाक दिसला की बसेल तो, आणि मग उठणार नाही," त्या म्हणाल्या. म्हणून त्यांनी त्याला रोज जळगाव स्टेशनवर न्यायला सुरुवात केली. मीही जायची. बाकावर सगळ्यांनी मिळून बसायचं, मग सगळ्यांनी मिळून उठायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या दिवशी त्याने अक्कांच्या हाताला नखं रुतवली. नंतर नुसता हात धरला. मग एक दिवस तोच आधी उठला आणि आम्हाला ओढू लागला. फलाटावरचे हमाल आमच्याकडे बघून हसायचे. अक्का म्हणायच्या, "हसू द्या. त्यांना कुठे जायचंय?"

जायच्या दिवशी प्रकाश नव्या कोऱ्या बुटांत बाकापुढून चालत गेला. एकदा बघितलं, थांबला नाही. इंगेरने त्याला डब्यात चढवलं. खिडकीतून त्याने अक्कांना विचारलं, तुम्ही? अक्कांनी हातांनी सांगितलं: मी इथे. तू जा. मी इथे आहे हे तुला माहीत आहे. एवढं मोठं वाक्य त्या आदल्या दिवसापासून इंगेरकडून घोकून घेत होत्या. गाडी हलली. अक्का फलाटावर उभ्याच राहिल्या. परतताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "वाक्य नीट झालं का गं?"

"नीट झालं अक्का."

मला वाटलं होतं आता त्या चार दिवस गप्प राहतील. दुसऱ्याच सकाळी त्यांनी मला समोर बसवलं. "मीना, हा एक आपल्याकडे आला म्हणून दिसला. जे घरात आहेत त्यांचं काय? आईबाप असून जे कोणाशीच बोलत नाहीत?" त्या दिवसापासून सुट्टीच्या दिवशी अक्का एसटीने गावोगाव फिरू लागल्या. नशिराबाद, बोदवड, पार धुळ्याकडची खेडी. ओसरीवर बसायच्या, पाणी मागायच्या, विचारायच्या, "तुमच्या गावात न बोलणारं पोर आहे का?" असायचंच. कोणी त्याला गुरांमागे धाडलेलं, कोणी घरात दडवलेलं. आयांना त्या खुणा शिकवायच्या, शहरात नव्यानेच निघालेल्या बहिऱ्यांच्या शाळेत नाव घालायला लावायच्या, बाप नाही म्हणाला की पुढच्या रविवारी पुन्हा हजर. "ही म्हातारी काही जात नाही," असं म्हणून किती बापांनी पोरं शाळेत घातली असतील, कोण जाणे.

वय झालं तशी संस्थेने त्यांना निरोप दिला आणि त्या धरणगावला भावाच्या घरी राहायला गेल्या. अधीक्षिकेची खुर्ची माझ्याकडे आली. मी अधूनमधून जाऊन यायची. ओसरीवर त्यांची खाट असे आणि खाटेभोवती कायम कोणाची तरी आई, कोणाचं तरी पोर. मी शिशुगृहाची अडचण घेऊन गेलेली असे, त्या म्हणत, "थांब जरा, हिचं झालं की तुझं." आणि मी रांगेत बसून राही.

नव्वदच्या दशकात, एका हिवाळ्यात त्या गेल्या. निरोप मिळून मी धरणगावला पोचले तोवर पुरुष मंडळी त्यांना घेऊन गेली होती. घरात बायका बसल्या होत्या. कोणी रडत होत्या, कोणी अक्कांच्या आठवणी सांगत होत्या. त्यांच्यामधून सात-आठ वर्षांची एक मुलगी फिरत होती. गल्लीतलीच होती, सोनी नाव, अक्कांकडे खुणा शिकायला येणारी. एकेका बाईसमोर जाऊन ती रिकाम्या खाटेकडे बोट दाखवायची आणि हात पसरायची. बायका तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, जवळ ओढायच्या, एकीने तिच्या हातात बिस्कीट दिलं. ती सोडवून घ्यायची आणि पुढच्या बाईकडे जायची. सकाळपासून घरात सगळे बोलत होते, आणि तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

मी तिला समोर बसवलं. माझ्या बोटांत जेवढं उरलं होतं तेवढ्यात सांगितलं. खाटेकडे बोट केलं. डोळे मिटले, हात सैल सोडला, मान कलती केली. मग माणसं ज्या रस्त्याने गेली तो रस्ता दाखवला.

तिने विचारलं, उद्या?

मी मान हलवली. उद्या नाही.

तिने पुन्हा विचारलं. परवा? मी तिचे दोन्ही हात धरले, सोडले, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, हळूहळू. ती माझ्या बोटांकडे डोळे न हलवता बघत होती. मग तिचं तोंड उघडलं आणि ती रडली. किती मोठ्याने रडते आहे हे तिला माहीत नव्हतं. घरातल्या सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या.

"आते समजनं तिले," तिची आई म्हणाली, आणि उठून येऊन तिने लेकीला पोटाशी धरलं.